मसलच्या वर की मसलच्या खाली?

मागच्या अंकात ब्रेस्ट इम्प्लांटच्या साइजबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की साइजपेक्षा ते ठेवायचं कुठे, छातीच्या मसलच्या वर की खाली, हा प्रश्न मोठा आहे, तर त्यावर पत्रं आणि मेल मिळून एवढे आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत. "असले विषय घरात येणाऱ्या मासिकात कशाला" असं लिहिणारी पण दोन पत्रं आली, वाचली. त्यातल्या एकाच्या ता.क. मध्ये "बहिणीसाठी विचारते" म्हणून प्रश्न आहे, त्याचं उत्तर शेवटी दिलंय.

प्रश्न : डॉक्टरताई, मी २७ वर्षांची, नाशिकला असते, वजन ४६ किलो. दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले मसलच्या वर ठेवू, सोपं असतं, लवकर कामाला जाशील. दुसरे म्हणाले तुला खालीच ठेवावं लागेल. मग मोबाइलवर बघत बसले तर तिथे तिसरंच निघालं, ड्युअल प्लेन. आता ऐकू कुणाचं?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. आधी मला एक सांग, त्या दोघांपैकी तुझी मापं कुणी घेतली? म्हणजे टेप आणि कॅलिपर घेऊन, आरशासमोर उभं करून? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणून विचारते, कारण माप न घेता वर किंवा खाली सांगणारा सर्जन तुझ्याबद्दल काहीच सांगत नसतो, तो स्वतःच्या सवयीबद्दल सांगत असतो.

आता जरा आतलं समजून घे. उजवा हात डाव्या काखेच्या पुढच्या कडेला लाव, चिमटीत जो जाड पट्टा येतो ना तो छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर. तो तिथून पंख्यासारखा पसरत गळ्याच्या हाडापर्यंत, मधल्या छातीच्या हाडापर्यंत आणि खाली बरगड्यांपर्यंत जातो. त्याच्यावर एक पातळ पापुद्रा असतो, फॅशिया म्हणतात त्याला, त्याच्यावर स्तनाची ग्रंथी, मग चरबी, मग कातडी. इम्प्लांट ठेवायच्या जागा या थरांच्या मध्ये. ग्रंथीच्या खाली पण मसलच्या वर ही एक, पापुद्र्याच्या खाली ही दुसरी, आणि मसलच्या खाली ही तिसरी. तिसरीत पण गंमत अशी की हा स्नायू स्तनाचा खालचा-बाहेरचा भाग झाकतच नाही, त्यामुळे "पूर्ण मसलखाली" ठेवायचं तर शेजारचा दुसरा स्नायूही उचलावा लागतो आणि नुसत्या कॉस्मेटिक ऑपरेशनला आजकाल तेवढं फारसं कुणी करत नाही. ड्युअल प्लेन म्हणजे मसल खालच्या बाजूने बरगड्यांवरून सोडवायचा, तो थोडा वर सरकतो, मग इम्प्लांटचा वरचा भाग मसलखाली आणि खालचा भाग थेट ग्रंथीखाली राहतो. जॉन टेबेट्स नावाच्या अमेरिकन सर्जनने २००१ मध्ये हे नीट तीन प्रकारांत मांडलं, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. तुझे दुसरे सर्जन "खाली" म्हणाले ते बहुतेक हेच म्हणत असणार, पेशंटला सांगताना आम्ही शॉर्टकट मारतो, मी पण मारते.

तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिमटा. स्तनाच्या वरच्या भागात, गळ्याच्या हाडाच्या खालच्या बाजूला, कातडी आणि चरबी अंगठा-तर्जनीत धरून पुढे ओढायची आणि जाडी मोजायची. आमच्याकडे स्टीलचा कॅलिपर असतो, एसीत गार पडलेला, त्यामुळे मी तो आधी मुठीत धरून कोमट करते, नाहीतर मुलगी दचकते आणि खांदे वर जातात आणि माप चुकतं. हा चिमटा २ सेंमीपेक्षा कमी भरला तर वर ठेवायचा विचार सोडून द्यायचा, हा ढोबळ नियम. कारण चिमटीत दोन पदर येतात, म्हणजे इम्प्लांटवर झाकण म्हणून खरं तर १ सेंमीसुद्धा नाही. पातळ साडी नेसली की परकराच्या नाडीची गाठ कशी वरून दिसते, तसं होतं, इम्प्लांटची कड दिसते, वाकलीस की सुरकुत्या दिसतात आणि हाताला लागतात. जाड काठापदराची नेसली की तीच गाठ कुठे आहे कळत पण नाही. ४६ किलोला वरच्या भागात भरपूर चरबी असायची शक्यता कमीच, तेव्हा मी न बघता पैज लावणार नाही, पण दुसऱ्या सर्जनकडे झुकेन.

पापुद्र्याखालची जागा, म्हणजे सबफॅशियल, ब्राझीलमधल्या सर्जननी लोकप्रिय केली. चांगली आहे, पण तो पापुद्रा कागदाएवढा असतो, त्याच्यामुळे झाकण जाड होतं असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नकोस.

आणि "वर ठेवलं की लवकर कामाला" हे खोटं नाही. दुखतं कमी हे खरंच आहे. पण चार दिवसांच्या दुखण्यासाठी दहा-बारा वर्षं आरशात कड बघायची हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही. तिसऱ्या ठिकाणी जा, माप घ्यायला सांग, आकडे कागदावर मागून घे. वरचा चिमटा किती, खालचा किती, स्तनाच्या पायाची रुंदी किती, निपलपासून स्तनाखालच्या घडीपर्यंत अंतर किती. आणि जाण्याआधी डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहेत ना ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवर बघून घे, "कॉस्मेटोलॉजिस्ट" या पाटीवर जाऊ नकोस.

प्रश्न : पुण्यात जिम ट्रेनर आहे, वय ३१. बेंच प्रेस, पुश-अप, रिंग्ज रोजचं. माझ्या एका क्लायंटने मसलखाली करून घेतलंय, ती पुश-अप मारताना तिची छाती विचित्र हलते, बघवत नाही. मला तसं नकोय. मग वरच ना?

उत्तर : तुम्ही जे बघितलंत त्याला ॲनिमेशन डिफॉर्मिटी म्हणतात. मसल आवळला की त्याच्याखालचं इम्प्लांट वर आणि बाहेर ढकललं जातं, मध्ये कधी घडी पडते. घरी तपासायचं असेल तर दोन्ही तळवे छातीसमोर नमस्कारासारखे जोडा आणि जोरात एकमेकांवर दाबा, आरशात बघा, तुमचा मसल किती आणि कुठे उड्या मारतो ते दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हा नमस्कार घालायला लावते, बाहेर बसलेल्या नवऱ्याला वाटतं आत पूजा चाललीये.

मसलखाली ठेवलेल्या जवळजवळ सगळ्यांमध्ये थोडी हालचाल असतेच, कपड्यात ती कळत नाही, पण तुमचं कामच टँक टॉप घालून लोकांसमोर छाती आवळायचं आहे तर तुमच्यासाठी हा मुद्दा पहिल्या नंबरचा. शिवाय जोरदार मसल वर्षानुवर्षं इम्प्लांटला हळूहळू खाली-बाहेर सरकवतो. म्हणून हो, वर किंवा सबफॅशियल, पण चिमटा पुरेसा असेल तरच. इथेच खरी अडचण येते, कारण ट्रेनर मंडळींच्या अंगावर चरबी नसते आणि मसल मात्र दांडगा असतो, म्हणजे दोन्ही नियम एकमेकांच्या विरुद्ध जातात. अशा वेळी इम्प्लांट लहान घेणं हा सगळ्यात शहाणा उपाय, लहान इम्प्लांटची कड कमी दिसते. दुसरा उपाय म्हणजे पोट-मांडीची थोडी चरबी काढून वरच्या कडेला भरणं, ती सगळी टिकत नाही, काही विरघळते, आणि तुमच्याकडे काढायला चरबी आहे का हाही प्रश्न आहेच. ३५० सीसीच्या मोठ्या इम्प्लांटचा हट्ट असेल तर तो सोडूनच बसा बोलायला.

प्रश्न : वय ३९, सांगली. दोन मुलं, दोघांनाही दीड-दीड वर्ष पाजलं. आता सगळं रिकामं पिशवीसारखं झालंय, निपल खाली बघतं. सर्जन म्हणाले लिफ्टची, म्हणजे स्तन उचलून बसवायच्या ऑपरेशनची, गरज नाही, व्रण पडतील, मोठं इम्प्लांट मसलखाली टाकलं की आपोआप उचललं जाईल.

उत्तर : ताई, इम्प्लांट भरतं, उचलत नाही. हे वाक्य फ्रिजवर चिकटवा.

तुमच्या बाबतीत जागा चुकली तर काय होतं बघा. इम्प्लांट मसलखाली घट्ट वर बसतं आणि तुमची सैल झालेली ग्रंथी त्याच्यावरून खाली घसरते, बाजूने बघितलं की एक उंचवटा आणि त्याच्याखाली लोंबणारा दुसरा, इंग्रजीत त्याला वॉटरफॉल म्हणतात, नाव सुंदर आहे पण पेशंट रडते. कुठे उभ्या आहात ते आधी ठरवा. ब्रा काढून आरशासमोर बाजूने उभं राहायचं, खालची घडी जिथे आहे तिथे एक पेन्सिल आडवी धरायची. निपल पेन्सिलच्या वर असेल तर ड्युअल प्लेनचा जो तिसरा, जास्त सोडवलेला प्रकार आहे तो किंवा सबग्लँड्युलर, म्हणजे ग्रंथीखाली पण मसलच्या वर, त्याने काम भागू शकतं, कारण त्यात इम्प्लांट ग्रंथीला आतून भरून पुढे आणतं. निपल पेन्सिलच्या खाली गेलं असेल तर लिफ्ट लागतेच, व्रण पडतीलच, निपलभोवती आणि खाली उभा, कधी घडीतही. व्रण वर्षभरात फिके होतात. लोंबलेला आकार मात्र मोठ्या इम्प्लांटच्या वजनाने आणखी लोंबतो, आणि मग चाळिशीत पुन्हा ऑपरेशन.

लिफ्ट आणि इम्प्लांट एकदम की दोनदा, हे सर्जनवर आणि तुमच्या कातडीवर आहे. एकदम केलं तर लिफ्ट कातडी कमी करतेय आणि इम्प्लांट कातडी ताणतंय, जोखीम वाढते, पुन्हा दुरुस्तीची वेळ येण्याचं प्रमाणही जास्त. सिगारेट-तंबाखू असेल (मिश्रीसुद्धा, हो, मिश्रीसुद्धा) तर मी एकत्र करतच नाही, आधी सोडा मग बोलू. आणि खरं सांगू का, तुमच्यासारख्या निम्म्या बायकांना नुसती लिफ्ट पुरते, इम्प्लांट लागतच नाही. ते विचारलंत का त्यांना?

प्रश्न : २०१५ मध्ये मुंबईत करून घेतलं, मसलच्या वर. गेलं वर्षभर डावी बाजू कडक झालीये, थोडी वर पण गेलीये, त्या कुशीवर झोपता येत नाही. मालिश करू का?

उत्तर : नको. मालिश करून हे सुटणार नाही. शरीर इम्प्लांटभोवती आपली एक पिशवी बनवतं, कॅप्सूल, ती प्रत्येकीत बनते आणि तसं बनणं नॉर्मल आहे. काहींच्यात ती आवळत जाते. बेकर नावाच्या सर्जनच्या पद्धतीने तिच्या ४ पायऱ्या मोजतात, पहिलीत हाताला मऊच लागतं, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतं. तुमचं वर्णन तिसरी-चौथीच्या मधलं वाटतंय.

जागेचा इथे थेट संबंध आहे. १९६२ मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि गेरो या सर्जननी टिमी जीन लिंडसे या बाईंना पहिली सिलिकॉन इम्प्लांट्स बसवली ती ग्रंथीखाली, मसलच्या वरच. मग लोकांना कळलं की बऱ्याच जणींचं कडक होतंय, आणि मसलखाली ठेवायची पद्धत पुढे रुजली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. मसलखाली हे प्रमाण कमी असतं. दुधाच्या नलिकांमध्ये थोडे जंतू असतातच, त्यांच्यापासून इम्प्लांट लांब राहतं आणि मसल वरून सतत हलत राहतो, अशी कारणं दिली जातात. म्हणूनच तुमच्यावर उपाय करताना बरेच सर्जन जुनी कॅप्सूल काढतात, नवीन इम्प्लांट घालतात आणि जागाच बदलून मसलखाली नेतात.

पण त्याआधी दोन कामं. एक म्हणजे सोनोग्राफी किंवा एमआरआय, आत फाटलंय का बघायला. सिलिकॉन फाटलं तर बाहेरून कळत नाही बऱ्याचदा. अमेरिकेच्या एफडीएचा सल्लाच असा आहे की पहिली तपासणी ५-६ वर्षांनी आणि मग दर २-३ वर्षांनी, तुम्ही एकदा तरी केलीत का? दुसरं, ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं इम्प्लांटचं कार्ड शोधा, त्यावर कंपनी, प्रकार आणि नंबर असतो. खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स, ॲलर्गन कंपनीची बायोसेल, जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली, कारण त्यांच्याभोवती लिम्फोमा नावाचा एक दुर्मीळ कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. घाबरू नका, काही त्रास नसेल तर ती उगाच काढा असं कुणी सांगत नाही. पण वर्षांनंतर एक बाजू अचानक पाण्याने फुगली तर लगेच जायचं, हे वरच्यांनाही लागू आणि खालच्यांनाही. कार्ड हरवलं असेल तर त्या हॉस्पिटलला केस पेपरची कॉपी लेखी मागा, तोंडी मागून काही मिळत नाही.

प्रश्न : मी ट्रान्स वूमन आहे, ठाणे, वय २६. हार्मोन्स सुरू होऊन ८ महिने झाले. मैत्रिणी म्हणतात मसलखाली नॅचरल दिसतं. आम्हा लोकांबद्दल कुणी लिहीतच नाही म्हणून विचारते.

उत्तर : बरं केलंस विचारलंस. पहिलं म्हणजे अजून थांब. हार्मोन्सवर वाढ अजून चालूच असते, निदान वर्षभर तरी जाऊ दे असं मी सांगते, कारण जेवढं तुझं स्वतःचं वाढेल तेवढं इम्प्लांटवरचं झाकण जाड होईल आणि जागा निवडायला मोकळीक मिळेल. दुसरं, तुझी छाती रुंद असणार, निपल थोडी बाहेरच्या बाजूला आणि मसल जाड. असा मसल इम्प्लांटला बाहेर ढकलतो आणि मध्ये रुंद दरी राहते, म्हणून चिमटा पुरेसा असेल तर अनेक सर्जन वर किंवा पापुद्र्याखाली पसंत करतात. चिमटा कमी असेल तर ड्युअल प्लेन, मसल नीट सोडवून. मैत्रिणींचं चुकलं नाही, पण त्यांची छाती आणि तुझी छाती एक नाही. मध्ये दरी थोडी राहणारच हे आधीच मनाशी धरून चल, ती भरून काढायला इम्प्लांट मधोमध आणायच्या नादात इम्प्लांट ठेवायचे दोन्ही बाजूंचे कप्पे एक झाले की निस्तरणं फार अवघड जातं.

प्रश्न : मुलगी कॅनडात असते, लग्न ठरलंय, ती करून घेणार म्हणते. उद्या मूल झालं तर पाजता येईल का? आणि कॅन्सरची गाठ झाली तर दिसेल का? – एक आई, लातूर

उत्तर : पाजता बहुतेकींना येतं. मसलखाली असेल तर ग्रंथी आणि इम्प्लांटच्या मध्ये मसल राहतो, ते बरंच. पण पाजण्याच्या बाबतीत जागेपेक्षा चीर कुठे देतात हे जास्त महत्त्वाचं, निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेने चीर दिली तर नलिका आणि नस दुखावायची शक्यता जास्त, खालच्या घडीतून दिली तर कमी. तेवढं तिला विचारायला सांगा.

मॅमोग्राफीत इम्प्लांट पांढऱ्या ढगासारखं येतं आणि मागचं झाकतं. मसलखाली असेल तर ते मागे ढकलून ग्रंथी पुढे ओढून फोटो काढणं सोपं जातं, त्यासाठी जास्तीचे फोटो घेतात. टेक्निशियनला आधी सांगायचं, लाजून गप्प बसायचं नाही. आणि काकू, मुलगी तुम्हाला सांगून करतेय ना, हे मला तरी भाग्याचं वाटतं, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुली घरी ट्रेकला जाते सांगून येतात.

ता.क. वाला प्रश्न : बहिणीला मसलखाली करायचं ठरलंय. किती दुखतं, आणि खर्च विम्यातून मिळतो का?

उत्तर : विम्याचं नाही. शरीर सुंदर करायला केलेली सर्जरी मेडिक्लेममध्ये बसत नाही, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरचं पुनर्निर्माण असेल तर वेगळं. आणि कॉस्मेटिकला आरोग्यसेवेची जीएसटी सूटही नाही, त्यामुळे पॅकेज सांगतील तेव्हा त्यात इम्प्लांटची जोडी, भूलतज्ज्ञ, ओटी आणि टॅक्स धरलाय का ते विचारा. पुढेमागे इम्प्लांट बदलायचा खर्च पण मनात धरा, ती जन्मभराची वस्तू नाही.

दुखण्याचं म्हणाल तर पहिले ३-४ दिवस छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोकला आला की कळतं. आठवड्याभरात टेबलावरचं काम जमतं. स्कूटर, पाण्याची कळशी, लहान मूल कडेवर, हे ४ ते ६ आठवडे नाही, आणि पोळ्या लाटायला पण तोच मसल लागतो हे तिच्या सासूबाईंना तुम्हीच सांगा, डॉक्टरने सांगितलंय म्हणून. समोरून बटणं असलेले दोन-तीन गाऊन आधीच घेऊन ठेवा, हात वर करून काही घालता येणार नाही, आणि चहा-साखरेचे डबे आदल्या दिवशीच वरच्या फळीवरून ओट्यावर काढून ठेवा.